‘मायेची भीती कसली?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

‘मॅडम, इंग्रजी पुस्तकं वाचून आईबापांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. एकत्र कुटुंबात वाढलेल्या कोल्हापुरी पोराला मायेची भीती वाटेलच कशी?’ असं तुम्ही, काही तरुण पोरांना माया घेण्याची भीती वाटते या माझ्या लेखावर लिहिलंत. आईबापांना दोष देणारं एक वाक्य माझ्या लेखात दाखवा, मग पिंजऱ्याची भाषा करा. तुमच्या वयाचा मान ठेवूनच सांगते, हा सूर मला लागला.

एक मान्य. अटॅचमेंट स्टाईल, म्हणजे जवळच्या नात्यात माणूस कसा वागतो त्याची लहानपणापासून पडलेली सवय, मोजणाऱ्या बऱ्याच प्रश्नावल्या पाश्चात्त्य विद्यार्थ्यांवर बेतलेल्या आहेत, त्या जशाच्या तशा इथं लावू नयेत. पण या विषयाचा पाया घालणाऱ्या मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी आई-बाळांचं निरीक्षण आधी अमेरिकेत नाही, युगांडातल्या खेड्यांत केलं, १९५४-५५ मध्ये. तिथंही मूल एकट्या आईच्या हातात नसायचं.

घरात बारा माणसं असली म्हणून रडणाऱ्या पोराकडं कुणी नेमानं वळतंच असं नाही. आजी कुशीत घेते आणि त्याच क्षणी सोप्यातून आवाज येतो, ‘पोरीगत रडतंय काय!’ ऊब आणि अपमान एकाच वेळी मिळाले की दोन्ही एकत्रच लक्षात राहतात. विशीत कुणी मायेनं बोललं, की तो अपमानही जागा होतो. भीती त्याची असते, मायेची नव्हे.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ही भीती तीन भागांत मोजली: दुसऱ्याला करुणा देण्याची, दुसऱ्याकडून घेण्याची, स्वतःला देण्याची. शेवटच्या दोन बहुधा जोडीनं येतात. म्हणूनच मित्राच्या अपघातात रात्रभर सीपीआर हॉस्पिटलात बसून राहणारा पोरगा, ‘तू दमलास का रे?’ विचारलं की ‘निवांत हाय’ म्हणून मोबाईल काढतो. नात्यात अंतर राखणाऱ्याला माया घेणं म्हणजे कमजोरी वाटते. नात्यात सतत धास्तावलेल्याला माया हवीच असते, पण ती उद्या काढून घेतील म्हणून तो चारदा खात्री करतो.

कॉलेजच्या पोरांबरोबर मी हेच काम करते, म्हणून ठामपणे सांगते: ‘स्वतःवर प्रेम कर’ इथून सुरुवात केली की फसतं. पोरगं रडतं किंवा चिडतं, आणि परत येत नाही. आधी फक्त श्वास. पाय जमिनीवर, डोळे उघडे, मिनिटाला पाच-सहा श्वास, दोनच मिनिटं. चक्कर किंवा मुंग्या आल्या तर तो हवा जोरात ओढतोय. थांबवा, नेहमीसारखा श्वास घेऊ द्या. मग अडचणीतल्या मित्राला काय म्हणशील ते मोठ्यानं बोलायला लावा. तेच शब्द स्वतःसाठी, पुष्कळ नंतर. आणि कुणी मदत केली तर नुसतं ‘बरं’ म्हणायचं, लगेच परतफेड करायची नाही. हे शेवटचं सगळ्यात जड जातं.

हे सगळं ‘फॅड’ आणि ‘मोबाईलचा परिणाम’ आहे, या तुमच्या शेऱ्यांवर वेळ घालवत नाही.

विचारपूस केली की नातू उठून जातो, हे मात्र तुम्हीच लिहिलंय. त्याला समोर बसवून विचारू नका. गाडीवर मागं बसला असताना एकच प्रश्न विचारा, आणि उत्तर आलं नाही तर दुसरा विचारू नका.