ऑनलाइन प्राध्यापकांचे बिनचूक मूल्यमापन

महाविद्यालयात ऑनलाइन शिकवणाऱ्या प्राध्यापकांचे मूल्यमापन करण्याची जबाबदारी आपल्या गळ्यात पडली असेल, तर त्यांचे व्याख्यान चुकूनही ऐकू नये. एकदा ऐकले की ते बरे शिकवतात की वाईट याविषयी मत तयार होते, आणि मताला एक्सेलमध्ये रकाना नसतो.

त्याऐवजी पुरावे मागवावेत. स्क्रीनशॉटमध्ये साठ चौकोन दिसले म्हणजे साठ विद्यार्थी शिकले असे धरावे. बहुतेक चौकोनांत नावाच्या आद्याक्षराखेरीज काही नसले तरी हरकत नाही. अक्षांश-रेखांशासह फोटोही अवश्य मागावा. प्राध्यापक घरून आणि विद्यार्थी एसटीतून वर्गाला हजर असताना हे अक्षांश नेमके कोणाचे, असे एखादे सर विचारतील. त्यांचा सहकार्यवृत्तीचा एक गुण कापावा.

फीडबॅक फॉर्म नव्याने करण्याच्या फंदात पडू नये. महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅक या संस्थेच्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाची २१ प्रश्नांची प्रश्नावली तशीच उचलावी आणि तिची लिंक, अंतर्गत गुण भरण्याच्या आदल्या दिवशी, प्राध्यापकांनाच वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायला सांगावी. अभ्यासक्रम किती शिकवला गेला, हा पहिलाच प्रश्न. कॅमेरा आणि कान दोन्ही बंद ठेवून सत्र काढलेला मुलगाही त्यावर '८५ ते १०० टक्के' निवडतो, कारण तो पर्याय सर्वांत वर असतो.

'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन व्यासपीठावरील अभ्यासक्रमांतून सत्राचे ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक (क्रेडिट) मिळवण्याची मुभा यूजीसीच्या २०२१ च्या विनियमांनी दिली आहे. तेथे व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि चर्चामंच अशी चार अंगे असतात. आपण व्हिडिओ किती जणांनी उघडला एवढेच मोजावे, चर्चामंचाकडे ढुंकूनही पाहू नये. एका विद्यार्थिनीने रात्री साडेअकराला विचारलेली प्रमाण विचलनाची शंका बाईंनी वहीच्या पानावर गणित सोडवून, जिथे ती अडली होती त्या पायरीला लाल वर्तुळ करून, पानाचा फोटो टाकून फेडलेली तेथे सापडायची, आणि मग सरासरी काढताना विनाकारण पंचाईत व्हायची. त्यात बाई तासिका तत्त्वावर असल्या, तर हा वेळ मानधनात धरायचा का, असा भलताच विषय निघतो.

फॉर्मच्या शेवटी सूचनांचा रकाना असतो. तो वाचण्याचे कारण नाही, कारण फीडबॅकवर केलेल्या कार्यवाहीचा अहवाल गेल्या वर्षीचाच चालतो. त्यावरची तारीख फॉर्मच्या तारखेनंतरची पडली आहे ना, तेवढे मात्र सही करण्यापूर्वी पाहून घ्यावे.