कुंपणाचा निम्मा खर्च शेजाऱ्याकडून ‘कायद्याने’ वसूल होतो?

जुनी कंपाउंड वॉल पाडून नवी बांधायची, किंवा गंजलेली तार काढून चेनलिंक जाळी बसवायची म्हटलं की ग्रुपवर एक मजकूर हमखास येतो. गोषवारा असा: दोन प्लॉटमधलं कुंपण सामाईक असतं, म्हणून खर्च निम्मा-निम्मा. शेजाऱ्याला ३० दिवसांची लेखी नोटीस द्या. तो ऐकत नसेल तर बांधून टाका आणि तहसीलदाराकडून नाहीतर कोर्टातून पैसे वसूल करा. घरातून रस्त्याकडे बघताना डाव्या हाताचं कुंपण तुमचं. आणि कुंपण बारा वर्षं जागेवर असेल तर तीच कायदेशीर हद्द.

महाराष्ट्रात यातलं एकही वाक्य लिहिलंय तसं लागू होत नाही.

‘खर्च निम्मा-निम्मा, ३० दिवसांची नोटीस’

हे ३० दिवस कुठून आले ते बघितलं की बराचसा उलगडा होतो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार हद्दीवरच्या कुंपणाचा दोन्ही शेजाऱ्यांना सारखाच फायदा होतो असं गृहीत धरतात, आणि खर्च मागण्याआधी ३० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याचा १९६८चा आणि न्यू साउथ वेल्सचा १९९१चा असे कुंपणाचे स्वतंत्र कायदे आहेत. न्यूझीलंडचा १९७८चा आहे. मेलबर्नला किंवा सॅन होजेला राहणाऱ्या भाच्याने पाठवलेली माहिती त्याच्यापुरती बरोबर असू शकते. ती कोथरूडला किंवा नाशिकच्या इंदिरानगरला चालत नाही, एवढंच.

तिकडेही गणित सरसकट ‘अर्धं’ नाही. कॅलिफोर्नियातलं गृहीतक पुरावा देऊन खोडता येतं. न्यू साउथ वेल्समध्ये ‘पुरेशा’ कुंपणाचाच खर्च वाटला जातो. एकाला त्याहून भारी हवं असेल तर वरचे पैसे त्यानेच भरायचे. फॉरवर्ड करताना हे सगळं गळून पडलं.

आपल्याकडे दोन खासगी मालकांमधल्या कुंपणाचा खर्च अमुक प्रमाणात वाटून घ्या असं सांगणारा कायदा महाराष्ट्रात नाही. तुमच्या जागेत तुम्ही कुंपण घालता, ते तुमचं, खर्चही तुमचा. शेजाऱ्याने हो म्हटलं तर वाटा, नाही म्हटलं तर नाही.

‘तहसीलदाराकडे अर्ज करा’

इथे सहसा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधलं कलम १४० चिकटवलेलं असतं. ते कलम खरं आहे, पण ते हद्दीच्या खुणांबद्दल आहे. मोजणीच्या वेळी रोवलेले दगड शाबूत ठेवणं ही जमीनधारकाची जबाबदारी, आणि त्या हलल्या-मोडल्यामुळे महसूल अधिकाऱ्यांना खर्च करावा लागला तर तो त्याच्याकडून घेतात. तुमचे सिमेंटचे पोल, काटेरी तार नि गेट यांचा त्यात उल्लेख नाही. तहसीलदार बांधावरून जायच्या वाटेचं प्रकरण ऐकतो, पण कुंपणाच्या बिलाची वसुली करून देत नाही. हद्दीबद्दलच शंका असेल तर अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात, मोजणीसाठी. लगतधारकांना नोटिसा जातात, भूकरमापक येतो, नंतर ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा मिळतो. त्याची फीसुद्धा अर्ज करणारा भरतो, निम्मी नाही.

‘नाही म्हणाला तरी बांधा, मग वसूल करा’

सगळ्यात नुकसान करणारं वाक्य हे, कारण लोक खरंच तसं करतात.

याला आधार म्हणून कुणी भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम ७० दाखवेल. एकाने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केलं, ते फुकट करायचा हेतू नव्हता, आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने भरपाई द्यावी, असं हे कलम म्हणतं. वाचायला अगदी भिंतीसाठीच लिहिल्यासारखं वाटतं. पण त्यावरचा नेहमी सांगितला जाणारा निकाल वाचा. पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल अँड सन्स हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता आणि निकालपत्र न्या. गजेंद्रगडकरांनी लिहिलं. कंत्राटदाराला पैसे मिळाले ते सरकारने त्याने केलेली बांधकामं स्वीकारून वापरली म्हणून. त्याच निकालात हेही आहे की समोरच्याला केलेलं काम नाकारायची मोकळीक असली पाहिजे. तुमच्या शेजाऱ्याने तर बांधायच्या आधीच ‘मला नको’ म्हणून सांगितलंय. शिवाय ही भिंत तुम्ही त्याच्यासाठी नाही, स्वतःच्या बंगल्यासाठी बांधलीत. तिची सावली त्याच्या अंगणात पडते म्हणून तो देणेकरी होत नाही.

आणि पैशांपेक्षा मोठा प्रश्न भिंतीखाली असतो. नऊ इंची वीटकाम हद्दीच्या रेषेवर बरोबर मधोमध घेतलं तर साडेचार इंच त्याच्या जागेत जातं. शंभर फूट लांबीची भिंत धरा, साडेसदतीस चौरस फूट होतात. शहरात दोन हजार रुपये चौरस फुटाने धरलं तरी पाऊण लाखाची जमीन. पाया तर दीड-दोन फूट रुंद असतो, म्हणजे वर सगळी भिंत तुमच्या बाजूला दिसत असली तरी जमिनीखाली फूटिंग पलीकडे सरकलेलं असू शकतं. संमतीशिवाय हे केलं तर वर्गणी राहू द्या, उलट तोच अतिक्रमण म्हणून मनाई हुकूम मागायला जाईल आणि त्याची बाजू भक्कम असेल. गवंडी रेषेची दोरी बांधतो त्या दिवशी दोघांनी तिथे हजर राहिलेलं म्हणून बरं.

निम्मे पैसे घेण्याला दुसरीही बाजू आहे, ती मजकुरात येत नाही. रेषेवरच्या भिंतीला त्याने अर्धा खर्च दिला की ती दोघांची झाली. उद्या तुम्हाला तिथे गेट फोडायचं असेल, उंची वाढवायची असेल, पाडून जाळी लावायची असेल तर त्याला विचारावं लागेल. ज्याला मोकळे हात हवेत त्याने भिंत, पाया धरून, आपल्या हद्दीच्या आत घ्यावी आणि बिल पूर्ण स्वतः भरावं. महाग पडतं, पण कुणाची परवानगी लागत नाही. म्हणजे शेजाऱ्याची लागत नाही. नियोजन प्राधिकरणाची उंचीची मर्यादा राहतेच: साधारणपणे रस्त्याच्या मध्यरेषेच्या पातळीपासून दीड मीटर, आणि वरचा ०.९ मीटर भाग जाळीदार ठेवला तर २.४ मीटरपर्यंत.

‘डाव्या हाताचं कुंपण तुमचं’

ही समजूत इंग्लंडातली, आणि तिकडेही तिला कायद्याचा आधार नाही. प्रत्येक मालमत्तेचे कागद काय म्हणतात ते बघावं लागतं. आपल्याकडे काही प्लॉटिंगच्या ले-आउटमध्ये ‘प्रत्येकाने एकेक बाजू बांधायची’ असं आपसात ठरवतात. कल्पना चांगली आहे, पण ठरवलेल्यांपुरतीच. नवीन माणूस प्लॉट विकत घेऊन आला आणि त्याच्या खरेदीखतात तसं काही नसेल तर त्याच्या गळ्यात ते मारता येत नाही.

‘बारा वर्षं झाली, हद्द ठरली’

बारा वर्षं हा आकडा मुदत अधिनियम, १९६३ मधला, अनुच्छेद ६५. मालकाने ताबा परत मागायची ती मुदत आहे आणि ती प्रतिकूल ताबा सुरू झाल्यापासून मोजतात. म्हणजे मालकाचा हक्क नाकारून, उघडपणे, सलग बसलेला ताबा. ‘सध्या इथे तार ओढू, मोजणी झाल्यावर बघू’ असं म्हणून दोघांनी मिळून घातलेली तार वीस वर्षं राहिली तरी आपोआप हद्द होत नाही. शेतात तर बांध कोरला जाऊन कुंपण दरसाल इंच-इंच सरकतं, मग बारा वर्षं कोणत्या रेषेची मोजणार? आणि सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, हद्दीची रेषा नसते. तो फडकावून कुंपणाचा वाद मिटत नाही.

मजकुरात नसलेली एक गोष्ट

निम्म्या वाट्याचा हट्ट धरताना भिंत का पडली हे कुणी विचारत नाही. आपल्या जमिनीला लगतच्या जमिनीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ७ मध्ये स्पष्ट सांगितला आहे. शेजाऱ्याने तळघरासाठी खोदलं आणि त्यामुळे तुमची जमीन खचून भिंत झुकली, तर तिथे अर्धा-अर्धा कसला? खोदणाऱ्याकडे पूर्ण भरपाई मागता येते. उलट तुमची स्वतःची भिंत जुनी होऊन धोकादायक झाली तर महापालिका नोटीस मालकाला किंवा भोगवटादाराला काढते, शेजारच्याला वर्गणी मागत बसत नाही. २९ जून २०१९ ला पुण्यात कोंढव्यात सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळून १५ जण गेले. झुकलेल्या भिंतीबाबत ‘तो अर्धे देईल तेव्हा बघू’ म्हणत पावसाळा काढू नये.

मग वाटा मागायचाच नाही का?

मागावा, बांधायच्या आधी. शेजारी तयार असेल तर कागद करा. तोंडी ‘हो हो, बघू’वर गवंड्याला ॲडव्हान्स देऊ नका. कागदात एवढं यावं: भिंत रेषेवर की कुणाच्या आत, मोजणीचा कोणता नकाशा धरला, पायाची रुंदी, उंची, विटा की ब्लॉक की जाळी, कोटेशनची रक्कम आणि प्रत्येकाचा वाटा, एकाला जास्तीचं काही हवं असेल (ग्रॅनाइट, लाइटचे खांब) तर ते कुणाच्या खर्चाने, जुन्या भिंतीचा राडारोडा कोण उचलणार, काम चालू असताना पलीकडची झाडं गेली तर काय, आणि पुढची डागडुजी. सोसायटी असेल तर एकट्या सेक्रेटरीची सही पुरत नाही, ठराव बघा. सही करणारा मालकच आहे ना, भाडेकरू नाही ना, हेही. आणि कागद आता ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर. ऑक्टोबर २०२४ पासून १०० चा चालत नाही.