आपल्या माणसातच कागद करा

आमच्या बेळगावात घर घ्यायचं निघालं की आई-बाबा, मामा, आत्या सगळे जमेल तेवढं घेऊन उभे राहतात आणि ह्याचा मला खरंच अभिमान वाटतो. उद्यमबागेत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, तीस-पस्तीस हजारावर काम करणाऱ्या पोरानं एकट्यानं डाऊन पेमेंट साठवायचं म्हटलं तर तोपर्यंत रेट कुठल्या कुठं गेलेला असतो, त्यामुळं घरच्यांची मदत घेण्यात कसलाच कमीपणा नाही. पण मदत देताना सगळे एकच बोलतात, "आपल्या माणसात कसला कागद?" हे मला अजिबात पटत नाही.

माझाच हिशोब सांगतो. अनगोळकडं २४ लाखाचा छोटा फ्लॅट. ३० लाखापर्यंतच्या कर्जाला बँक नियमानं ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, मला ८० टक्केच मिळालं, हप्ता साडेसोळा हजाराच्या आसपास. राहिले ४ लाख ८० हजार, आणि स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन, वकील मिळून दीड लाख वेगळे, ते कर्जात धरत नाहीत, हे बऱ्याच जणांना शेवटच्या आठवड्यात कळतं. त्यात रजिस्ट्रेशन फी कर्नाटकात ऑगस्ट २०२५ च्या शेवटापासून १ टक्क्याची २ टक्के झालीय. माझे साठवलेले १ लाख ८०, बाबांच्या पीएफमधले २ लाख, ताईचे दीड, मामांचे १ लाख. झालं.

मामा रोखच द्यायला निघालेले. खरं तर २० हजार किंवा त्याच्या वर उसने पैसे रोखीत घेताच येत नाहीत, सापडलं तर घेतलेल्या रकमेइतका दंड बसू शकतो. शेवटी खात्यावर पाठवले, परत नकोत म्हणाले म्हणून तसं पत्र लिहून घेतलं, बँकही ते मागू शकते. मामाकडनं भाच्याला आलेल्या भेटीवर टॅक्स नाही. "माझ्याकडनं लिहून घेतोस व्हय रे?" म्हणाले, पण सही केली.

ताईचं मात्र उसनं आहे आणि ते मी अडून बसून लिहायला लावलं, दर दिवाळीला ५० हजार, तीन वर्षं. ती नको नकोच म्हणत होती. उद्या तिचं लग्न होईल, तिचा संसार सुरू होईल, तेव्हा स्वतःच्याच कष्टाचे पैसे भावाकडं मागताना तिनं का लाजायचं? आपल्याकडं बहिणीनं दिलेलं कुणी मोजत नाही आणि वर खानापूरकडच्या शेताची वाटणी आली की हक्कसोडीवर सही तिनंच करायची. २००५ पासून कायद्यानं मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे की! म्हणून बाबांच्या २ लाखाचंही लिहिलंय, पुढं वाटणी होईल तेव्हा हे मला आधीच मिळालेत असं धरायचं.

अजून एक, ह्या विषयावरचे मराठी व्हिडिओ बघून कुणी व्यवहार करू नका. ते सगळे पुण्या-मुंबईचे असतात, सातबारा, महारेरा, बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट वगैरे, ते तिकडं चंदगड-कोल्हापूरला चालतं, इकडं कर्नाटकात नाही. इकडं ई-खाता, म्हणजे घराच्या मालकीची ऑनलाइन नोंद बघा, ईसी, म्हणजे आधीचे व्यवहार नि बोजा दाखवणारा दाखला काढा, जमिनीचा आरटीसी, म्हणजे इकडचा सातबारा बघा, आणि सेल डीड, म्हणजे खरेदीखत कन्नडमध्ये असतं तर कन्नड वाचणारं आपलं माणूस शेजारी बसवून ओळ न् ओळ मराठीत समजून घ्या, लाज कसली त्यात. गावाकडं शेतजमिनीत एक-दोन गुंठे रजिस्टर न करता नुसत्या बाँडवर स्वस्तात मिळतात म्हणून जाणारे माझे दोन मित्र आहेत, त्यावर बँक कर्ज देत नाही आणि खातंही नीट होत नाही. स्वतःचे पैसे असते तर एक वेळ समजलो असतो, पण कुणाच्याही आईच्या पाटल्या मोडून आलेला पैसा असा लावायचा हक्क आपल्याला नाही, मी तरी असंच मानतो.

डीडवर माझ्याबरोबर आईचं नाव आहे. तिनं रोख काही दिलं नाही असं एक नातेवाईक बोलले. इतकी वर्षं तिनं घर चालवलं म्हणून तर बाबांचा पीएफ शिल्लक राहिला, हे मी त्यांना तिथंच सांगितलं.

ताईच्या कागदाची एक कॉपी तिच्याकडं आहे, एक मामांकडं. मामा आधी जरा रुसलेलेच, पण परवा फोन आला, धाकट्या पोराच्या दुकानाला मोठ्या पोरानं पैसे घातलेत, ते कसं लिहायचं ते जरा सांग म्हणून. रविवारी जाणार आहे.