ते बदक

मराठीत मोर पुल्लिंगी, घार स्त्रीलिंगी आणि बदक नपुंसकलिंगी. ही वाटणी ज्याने केली त्याच्या परसात बदकं नव्हती, एवढं मी पोटरीवरचा निळा डाग दाखवून सांगू शकतो.

सुरुवात गोगलगायींपासून झाली. रेवदंड्याच्या आमच्या वाडीत पावसाळ्यात सकाळी उठून बघावं, तर अळूच्या पानांची चाळण झालेली. कुणीतरी म्हणालं, बदकं पाळा, गोगलगायी चण्याफुटाण्यासारख्या खातात. खोटं नव्हतं ते. श्रावणात मोटरसायकलला टोपलं बांधून पिल्लंवाला दारात आला आणि म्हणाला, "सगळ्या माद्याच आहेत साहेब, अंडी मोजून दमाल." पाच घेतली. लेकीने त्याच्या शब्दावर बारसंही उरकलं : सुमन, कुसुम, मंदा, शेवंता आणि बेबी.

दोन महिन्यांत शेवंता आणि बेबी अशा खणखणीत ओरडू लागल्या की बंदरावर ऐकू जावं. उरलेल्या तिघींचा मात्र घसा बसला. तोंड एवढं मोठं उघडायच्या आणि आवाज बिडी ओढणाऱ्या आजोबांचा. आईने निदान केलं, सर्दी. आठवडाभर कोंड्यात हळद कालवली. आडुळशाचा काढासुद्धा झाला. तो निम्मा माझ्या सदऱ्यावर गेला. शेवटी शेजारच्या गोठ्यात म्हैस बघायला आलेल्या गुरांच्या डॉक्टरांना ओढून आणलं. त्यांनी घशाकडे बघितलंच नाही. शेपटीवरचं एक वर वळलेलं पीस दाखवून म्हणाले, "सर्दी कसली? नराचा आवाज असाच बसका असतो. तिन्ही नर आहेत."

नावं बदलायला लेक तयार होईना.

पौष लागला आणि तिघे वयात आले. त्यानंतर आमच्या घरातून जी वाक्यं बाहेर जाऊ लागली ती ऐकून गल्लीतून जाणारा माणूस थबके. "अहो, धावा, कुसुमने शेवंताची मान धरली!" "मंदाला आधी बाजूला करा, तोच सुरू करतो!" नर दोघींच्या मानेवर चढून पिसं उपटत. शेवंताच्या मानेवर रुपयाएवढं टक्कल पडलं. आणि दोघींवरचा हक्क ठरवायला तिघे आपसात छातीला छाती भिडवून, एकमेकांची मान चोचीत धरून गोल फिरत. पंखांचे फटके असे की डोणीतलं पाणी माझ्या चहात.

मी ते संस्काराचं प्रकरण धरून चाललो, ही माझी चूक. खराटा घेऊन मध्ये पडलो (पोटरीचा डाग तेव्हाचा). कणीचं घमेलं एकाऐवजी दोन ठेवलं. सुमन फार दांडगा, म्हणून त्याला तीन दिवस डालग्याखाली कोंडून ठेवलं आणि समोर बसून समजावलंसुद्धा. चौथ्या दिवशी सोडला, तर त्याच्या माघारी कुसुम आणि मंदाने क्रम नव्याने लावून टाकलेला. रजेवरून आलेल्या साहेबाची खुर्ची गेलेली असावी तसं झालं. ती परत मिळवायला त्याने जो धिंगाणा घातला, त्यापुढे आधीची भांडणं म्हणजे भजन.

पुन्हा डॉक्टर. ते म्हणाले, "स्वभाव सोडा हो, हिशोब बघा. एका नरामागे पाच-सहा माद्या लागतात. तुमच्याकडे दोघींमागे तीन नर. भांडणार नाहीत तर काय करतील?"

मी मनात तीन पंचे पंधरा केले, वजा दोन. "म्हणजे आणखी तेरा," असं घरात बोललो मात्र, सौ. ने हातातली पळी खाली ठेवली. विषय तिथेच मिटला. शेजारच्या काकांनी दुसरा तोडगा सुचवला, त्यात वाटण आणि तांदळाच्या भाकऱ्या होत्या. लेक दोन दिवस काकांशी बोलली नाही. माझ्याशीही नाही, कारण मी "कुठलं वाटण?" असं विचारलं होतं.

मग वाडीच्या मधोमध मासेमारीचं जुनं जाळं लावून नर एकीकडे, माद्या दुसरीकडे केल्या. काही उपयोग नाही! जाळ्यातून पलीकडचं सगळं दिसतं. तिघे दिवसभर काठाकाठाने येरझाऱ्या घालत आणि मध्येच एकमेकांना बदडत. शेवटी आईने ट्रंकेतलं जुनं नऊवारी काढून जाळ्यावर पसरलं. दिसेनासं झालं आणि भांडणाचं कारणच गेलं. आठवड्याने बघतो तर तिघे एकाच डोणीत, खांद्याला खांदा लावून. शेवंताच्या मानेवर कोवळी पिसं फुटली आहेत, बेबी अंडी घालते, सुमन आला की आली हा वाद आम्ही सोडून दिला आहे.

परवा पावसात भिजून माझा घसा बसला. हाक मारली तर नुसती खरखर. लेक आली, माझ्या तोंडाकडे बघितलं, मग मागे गेली आणि सदरा वर करून कंबरेपाशी नीट बघू लागली.