जखमीला खांद्यावर घ्या आणि वेळेवर पोहोचा

सैन्यदलात अधिकारी होऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांचे शुल्क भरणाऱ्या पालकांसाठी काही बहुमोल सूचना देत आहे. गेल्या शनिवारी-रविवारी मुलीबरोबर एसएसबीच्या, म्हणजे सैन्यदलाचे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या एका वर्गात (नाव सांगत नाही, पावती मात्र जपून ठेवली आहे) मागच्या बाकावर बसून जे ज्ञान मिळाले, ते एकट्याने पचवणे बरे नव्हे.

सर्वप्रथम, आपला स्वभाव घरी ठेवून या. एसआरटी नावाच्या चाचणीत, अमुक प्रसंगी आपण काय कराल हे लिहायला, साठ प्रसंग आणि तीस मिनिटे मिळतात, म्हणजे एका प्रसंगाला अर्धे मिनिट. वेळ मुद्दामच तुटपुंजा ठेवलेला असतो, कारण सजवलेले उत्तर नको असते, मनात प्रथम उमटलेले हवे असते. १९४३ साली डेहराडूनला आपल्याकडच्या या निवडपद्धतीचा पाया घालणाऱ्यांना बिचाऱ्यांना कुठे ठाऊक होते की, मनात प्रथम उमटणारे उत्तरही पुढे झेरॉक्सच्या दुकानात मिळू लागेल! आपण ते तिथूनच घ्यावे.

परीक्षेला जाताना वाटेत अपघात दिसला, तर प्रथमोपचार करा, जखमीला रुग्णालयात पोहोचवा, पोलिसांना कळवा, नातेवाइकांना कळवा, लागल्यास रक्त द्या आणि परीक्षेला वेळेवर हजर राहा. शेजारी आग लागली, गाडीत दरोडेखोर शिरले किंवा तंबूत साप निघाला, तरी शेवट तोच. पुण्याच्या वाहतुकीत हे जमते कसे, असे मात्र विचारू नये. एका मुलाने विचारले, तेव्हा त्याला सर्वांदेखत ‘निगेटिव्ह’ ठरवण्यात आले.

वडिलांशी वर्षभरात धड चार वाक्ये बोलला नसाल, तरी पुस्तिकेत त्यांचे मन वळवायला विसरू नका.

घाबरू नका, घाबरलात, तर लिहू नका.

डोंगरातले प्रसंग सोडवताना मात्र विशेष काळजी घ्या. सराव परीक्षेत असा प्रसंग होता की, ट्रेकवरून उतरताना सोबत्याचा पाय मोडतो, अंधार पडू लागतो आणि मोबाइलला रेंज नसते. माझ्या मुलीने लिहिले की, काठ्या आणि ओढणी बांधून पाय स्थिर केला, दोघांना विजेरी देऊन खालच्या गावात पाठवले आणि स्वतः जखमीजवळ थांबले. या उत्तरावर लाल फुली आणि शेजारी शेरा: ‘पुढाकार नाही’. फळ्यावरच्या आदर्श उत्तरात आपला वीर सोबत्याला खांद्यावर घेतो, रातोरात गड उतरतो, त्याला रुग्णालयात दाखल करतो आणि सकाळी कॉलेजात वेळेवर हजर होतो. आता मुलीने तिचे उत्तर आणले कुठून? दोन वर्षांपूर्वी हरिश्चंद्रगडावरून पाचनईकडे उतरताना तिच्या गटातल्या एका मुलीचा पाय घोट्याशी मोडला होता, तेव्हा तिने नेमके हेच केले होते आणि गावकरी डोली घेऊन वर आले होते. मोडलेला पाय लोंबकळत ठेवून, शेवाळलेल्या कातळावरून, अंधारात, धडधाकट वजनाचे माणूस खांद्यावर घेऊन उतरायचे म्हणजे एका जखमीचे दोन करायचे, हे ज्याने पर्वतीच्या पायऱ्या तरी कधी चढल्या आहेत त्याला सांगावे लागत नाही. बरे, हा पुढाकार कोणाच्या जिवावर घ्यायचा? उद्या हाताखाली तीस जवान असताना हाच वीर जर असाच पुढाकार घेणार असेल, तर त्याला निवडायचे तरी कशासाठी?

अहो, ती साठ उत्तरे सुटी वाचली जात नाहीत. चित्रांवरून बारा कथा लिहायच्या असतात, त्यातले शेवटचे चित्र तर कोरेच असते. पंधरा-पंधरा सेकंदांत साठ शब्दांवर वाक्ये लिहायची असतात. आणि आईवडील, शिक्षक, मित्र आपल्याविषयी काय म्हणतात, तेही लिहायचे असते. मानसतज्ज्ञ हे सारे एकत्र वाचतो, मुलाखत घेणारा अधिकारी आणि मैदानावर गटाकडून कामे करून घेणारा अधिकारी, म्हणजे जीटीओ, आपापल्या परीने पारखतात, आणि पाचव्या दिवशी कॉन्फरन्सला तिघेही समोर असतात. मनसा, वाचा, कर्मणा असे तिथे म्हणतात ते याचसाठी. कागदावर दरोडेखोर पकडणारा मुलगा फळी आणि दोरी हातात आल्यावर खांबासारखा उभा राहिला, तर तुमची झेरॉक्स त्याला काय कामाची? वर्गातल्या चाळीस मुलांनी चाळीस वेळा तोच साप पकडला, तर वाचणाऱ्याला कळत नसेल असे तुम्हाला खरोखर वाटते?

आणि पालकांनो, त्यात मीही आलो, सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना पदरचे पैसे मोजून खोटे लिहायला शिकवतो आहोत आपण. वर्ग चालवणाऱ्यांना तर लाज वाटायला हवी. भोपाळला एसएसबीसाठी जायला आठ दिवस उरलेले असताना तुम्ही एका मुलीला पटवून दिलेत की, ती खरोखर जे वागली ते चुकीचे होते. काल रात्री जेवताना ती मला विचारत होती की, त्या दिवशी मैत्रिणीला उचलून खाली न्यायला हवे होते का. याचे उत्तर तुम्ही तिला द्या, आणि अर्ध्या मिनिटात द्या.