फॉलोअर्स म्हणजे कॅरिस्माच्या आकड्यावर मिळणारी फुकट फौज नव्हे

फँटसी रोलप्लेइंगमध्ये, म्हणजे टेबलाभोवती बसून काल्पनिक पात्रं चालवायच्या खेळात, फॉलोअर्सचा (पात्रामागे येणाऱ्या साथीदारांचा) विषय निघाला की हल्ली एकच उत्तर सगळीकडे फिरताना दिसतं. थोडक्यात ते असं: कॅरिस्मा (पात्राची लोकांवर पडणारी छाप दाखवणारा आकडा) चांगला असेल तर नियमांच्या तक्त्यात लिहिलेत तेवढे फॉलोअर मिळणं हा प्लेअरचा हक्क आहे, परसुएशनचा (मन वळवण्याचा) एक रोल, म्हणजे फासा, लागला की माणूस आपला, एकदा आला की तो आपलं दुसरं कॅरेक्टर, मेला तर दुसरा येतो, आणि डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) यात बोलायचं काही कारण नाही. यावरूनच उलटा निष्कर्ष काढणारेही खूप आहेत, की असं असेल तर हा नियमच गेम मोडतो, सरळ बॅन करा. दोन्हीकडची मंडळी नियम अर्धवट वाचून भांडतायत आणि त्यात नव्या डीएम लोकांची पंचाईत होतेय, म्हणून एकेक मुद्दा घेतो. उदाहरणं डन्जन्स अँड ड्रॅगन्स या गेमची देतोय, कारण हा वाद मुख्यतः तिथलाच आहे.

आधी तो हक्काचा मुद्दा. 1974 च्या पहिल्या रूल्समध्ये कॅरिस्मा 18 असेल तर जास्तीत जास्त 12 हायरलिंग (कामाला ठेवलेली माणसं) आणि 3-4 असेल तर एक, असा तक्ता आहे. 1981 च्या बेसिक रूल्समध्ये 18 ला 7 रिटेनर (मोहिमेत सोबत येणारे साथीदार) आणि 9 ते 12 ला 4. ही सगळी वरची मर्यादा आहे, म्हणजे याच्यापुढे लोक तुमच्यामागे टिकणार नाहीत इतकंच. तिथपर्यंत पोचायचं तर माणूस शोधायचा, त्याला ऑफर द्यायची, आणि मग तो काय म्हणतो त्यासाठी दोन सहा-बाजूंचे फासे टाकायचे. 1981 च्या तक्त्यात 9 किंवा वर आलं तर तो हो म्हणतो, 6 ते 8 आलं तर परत रोल, 5 किंवा खाली आलं तर नकार, आणि 2 आलं तर नकार तर आहेच वर त्या भागात पुढच्या प्रत्येक रोलला वजा एक, कारण तुमचं नाव खराब झालं. आता हे जरा मोजून बघा. 36 पैकी 10 शक्यता होकाराच्या, 10 नकाराच्या आणि 16 परत रोलच्या, म्हणजे साध्या कॅरिस्माच्या माणसाला शेवटी बरोबर निम्मी शक्यता उरते. 18 कॅरिस्माला प्लस दोन मिळतात, तिथे होकार 21 आणि नकार फक्त 3, म्हणजे आठापैकी सात वेळा होकार. कॅरिस्माचा फायदा प्रचंड आहे हे मी नाकारतच नाहीये, पण आठवा माणूस तरीही नाही म्हणतो, आणि ऑफर कशी आहे ते बघून हा रोल वरखाली करायचं काम नियमांनी डीएमकडेच दिलंय. मग डीएमने बोलायचं नाही हे कुठून आलं?

एक जागा मात्र आहे जिथे फॉलोअर खरोखर आपोआप येतात. 1978 च्या अॅडव्हान्स्ड रूल्समध्ये आठव्या लेव्हलच्या (अनुभवाच्या पायरीच्या) क्लेरिकने, म्हणजे देवाच्या सेवेतल्या पुजाऱ्याने, स्वतःचं प्रार्थनास्थळ उभं केलं की 20 ते 200 कट्टर अनुयायी येतात, पगारही मागत नाहीत. हक्कवाले लोक हेच उदाहरण पुढे करतात. पण त्याच परिच्छेदात पुढे अट आहे, की क्लेरिकने देव किंवा अलाइनमेंट (पात्राची नैतिक बाजू) बदललं तर ही सेवा संपली. म्हणजे सगळ्यात उदार नियमातसुद्धा ती माणसं देवासाठी आलेली आहेत, तुमच्या कॅरेक्टर शीटवरच्या आकड्यांसाठी नाही. आणि आठ लेव्हल आणि एक आख्खी इमारत एवढं झाल्यावर मिळालेली गोष्ट फुकट कशी म्हणायची?

दुसरा मुद्दा, परसुएशनचा एक रोल. हा तर पाचव्या एडिशनच्या लोकांनी पाठच केलाय. त्याच एडिशनच्या 2014 च्या डीएम गाईडमध्ये यासाठी सरळ तक्ता आहे, तो उघडून बघा. समोरचा अनोळखी, तटस्थ माणूस असेल तर रोल 10 आला की तो काही धोका नसलेलं काम करेल, 20 ला थोडाफार धोका घेईल, बस. मोठा धोका किंवा त्याग फक्त आधीच मित्र असलेला माणूस घेतो, तोही 20 आल्यावर. शत्रुत्व असेल तर 20 येऊनही तो फक्त बिनधोक्याचंच काम करतो. रस्त्यात भेटलेल्या पहारेकऱ्याला एका रोलवर ड्रॅगनच्या गुहेत कायमचं घेऊन जाता येतं असं यात कुठेच नाही, हा तक्ता त्या क्षणी केलेल्या एका विनंतीचा आहे, आयुष्यभराच्या नोकरीचा नाही. हां, 3.5 एडिशनमध्ये डिप्लोमसीचा (बोलणी करण्याच्या स्किलचा) रोल 30 आला की तटस्थ माणूस थेट मदतीला तयार व्हायचा आणि त्या पातळीचा माणूस तुमच्यासाठी धोकाही पत्करायचा, बहुतेक हा समज तिथूनच आला असावा. पण त्याच एडिशनमध्ये फॉलोअर मिळवून देणारं लीडरशिप नावाचं वेगळं फीट (पात्रासाठी निवडून घ्यायची खास क्षमता) होतं, सहाव्या लेव्हलच्या आधी घेताच न येणारं. स्किलच्या एका रोलवर फॉलोअर मिळत असते तर त्या फीटची गरजच काय होती? चार्म स्पेलने (माणसाला भुरळ घालणाऱ्या जादूने) काम होतं म्हणणाऱ्यांसाठी एवढंच, की 2014 च्या नियमांत चार्म पर्सन एक तास टिकतो आणि संपल्यावर त्या माणसाला कळतं की आपल्यावर जादू केली होती.

"मेला तर दुसरा येतो" हा तिसरा मुद्दा, आणि मला सगळ्यात जास्त राग याचा येतो, कारण यावरून लोक फॉलोअर्सना सापळे तपासायला पुढे पाठवतात आणि वर नियमाचा हवाला देतात. लीडरशिपचाच हिशोब मांडू. आठव्या लेव्हलचा फायटर, कॅरिस्मा 16, म्हणजे लेव्हल 8 अधिक बोनस 3, स्कोअर 11. तक्त्यात 11 समोर सातव्या लेव्हलचा कोहॉर्ट (एकच मुख्य साथीदार) आणि पहिल्या लेव्हलचे 6 फॉलोअर. कोहॉर्ट लीडरपेक्षा किमान दोन लेव्हल खालीच हवा हा नियम आहे, त्यामुळे प्रत्यक्षात सहाव्या लेव्हलचा. इथपर्यंतचं सगळे वाचतात. पण त्याच्याच शेजारी वजाबाकीचे तक्ते आहेत. क्रूर म्हणून नाव झालं तर वजा 2. सतत भटकत असाल तर फॉलोअर्सच्या हिशोबात वजा 1. तुमच्यामुळे फॉलोअर मेले तर अजून वजा 1. म्हणजे आपला फायटर 11 वरून 7 वर आला, आणि फॉलोअर्सचा तक्ता सुरूच होतो 10 पासून! सहाचे शून्य झाले. कोहॉर्टच्या बाबतीत तर तुमच्यामुळे मेलेल्या प्रत्येक कोहॉर्टमागे वजा 2, आणि ते साचत जातं. क्रूरपणाचे 2 आणि एका कोहॉर्टचे 2 गेले की स्कोअर 7, पुढचा माणूस पाचव्या लेव्हलचा. अजून एक मारलात की 5, मग येतो तिसऱ्या लेव्हलचा. बरं तो येतो कधी, तर बदली माणूस मिळायला 1 ते 4 महिने लागतात, आणि दोष लीडरचा असेल तर वर्षापर्यंत. हे सगळं नियमात लिहिलेलं आहे, डीएमने खुन्नस म्हणून काढलेलं नाही, आणि तरी प्लेअर टेबलवर म्हणतो की डीएम माझं फीट वाया घालवतोय.

निष्ठेचंही तसंच. एकदा आला की कायमचा, असं कुठल्याच एडिशनमध्ये मला सापडलेलं नाही. 1981 मध्ये प्रत्येक मोहिमेनंतर रिटेनरचा मोराल (हिंमत) तपासला जातो. 2014 च्या गाईडमधला लॉयल्टीचा ऑप्शनल नियम तर फारच छान आहे आणि कुणी वापरत का नाही तेच कळत नाही. पार्टीत ज्याचा कॅरिस्मा सगळ्यात जास्त तो आकडा म्हणजे कमाल निष्ठा, सुरुवात त्याच्या निम्म्याने, आणि स्कोअर डीएम गुपचूप स्वतःकडे ठेवतो. समजा 16, तर सुरुवात 8 ने. त्या माणसाला जे जिवापाड महत्त्वाचं आहे, बहीण असेल, गाव असेल, देव असेल, त्यासाठी तुम्ही काही केलंत तर 1 ते 4 ने वाढ. स्वतःच्या स्वार्थासाठी त्याला फसवलंत किंवा संकटात ढकललंत तर 2 ते 8 ने घट. सरासरी 5 धरा, म्हणजे अशा दोन प्रसंगांत 8 चा 0 होतो आणि माणूस एक तर निघून जातो नाहीतर पाठीमागे तुमच्याविरुद्ध काम सुरू करतो. 11 किंवा वर असेल तरच तो तुमच्यासाठी जीव धोक्यात घालतो. आणि बघा, सुरुवात निम्म्याने आहे म्हणजे 20 कॅरिस्मावाल्याकडेही पहिल्या दिवशी असा माणूस नसतो, तो कमवावाच लागतो.

दुसरं कॅरेक्टर म्हणण्याबद्दल फार लिहीत नाही. कोहॉर्ट नियमाने एनपीसी आहे, म्हणजे प्लेअरचं नसलेलं, डीएमच्या ताब्यातलं पात्र. लढाईत त्याचे फासे प्लेअरने टाकायला काहीच हरकत नाही, उलट डीएमचा भार हलका होतो. पण त्याने स्वतःची जादूची तलवार तुम्हाला देऊन टाकायची का, आपल्या भावाविरुद्ध साक्ष द्यायची का, हे तुम्ही ठरवणार नाही. तिथे त्याचा आवाज डीएमचा.

आता बॅनवाले. त्यांची एक तक्रार खरी आहे: लढाई लांबते, एका प्लेअरचे दोन टर्न होतात आणि बाकीचे बसून राहतात. ताकदीची तक्रार मात्र बहुतेक वेळा वजाबाकीचे तक्ते न लावल्यामुळे येते. पहिल्या लेव्हलचे सहा शिपाई डन्जनमध्ये (राक्षस-सापळ्यांच्या भुयारात) नेलेत तर आठव्या लेव्हलच्या विझर्डचा एक फायरबॉल 8 फाशांचा असतो, सरासरी 28 डॅमेज, सेव्ह (बचावाचा रोल) लागून निम्मं झालं तरी 14, आणि त्या बिचाऱ्यांचे हिट पॉइंट (किती मार सोसतील तो आकडा) त्याच्या आसपासही नसतात. सहाही तिथेच पडतात आणि तुमच्या नावावर वजा 1. मुळात ते तुमच्याबरोबर आत यायला नाहीतच, ते किल्ला सांभाळायला, निरोप पोचवायला, गावात कान उघडे ठेवायला आहेत. वेळेचाच प्रश्न असेल तर 2020 मध्ये आलेले साइडकिकचे (सोप्या साथीदारांचे) नियम बघा, वॉरिअर, एक्स्पर्ट आणि स्पेलकास्टर असे तीनच क्लास, मुद्दाम सोपे ठेवलेले. किंवा नुसतं एवढं करा: आत एकच साथीदार न्या, त्याचा टर्न काय असेल ते आपली पाळी यायच्या आधी ठरवून ठेवा, आणि ज्या प्लेअरला दोन टर्न झेपत नाहीत त्याच्या साथीदाराचे फासे शेजारी रिकाम्या बसलेल्या प्लेअरच्या हातात द्या.