कोरण्याआधीचं काम

नुकत्याच वाचलेल्या एका लेखात स्क्रिमशॉबद्दल, म्हणजे व्हेलच्या दातावरच्या कोरीवकामाबद्दल, 'खलाशी व्हेलच्या दातावर सुईनं चित्रं कोरत' एवढंच आलंय. खरी मेहनत त्याआधीची. स्पर्म व्हेलचा दात जबड्यातून निघतो तेव्हा खरबरीत, वळ्यावळ्यांचा असतो. त्या वळ्या सुरीनं तासायच्या, मग शार्कच्या वाळलेल्या कातडीनं घासायचं, शेवटी प्युमिसच्या (ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाच्या) भुकटीनं चकाकी आणायची. यात कसर राहिली की काजळी रेघेबाहेरच्या ओरखड्यांतही बसते आणि चित्र मळकट दिसतं. रेघ कोरून झाली की तेलात कालवलेली काजळी चोळून वरची पुसून घ्यायची. काळेपणा फक्त खाचेत उरतो.

फ्रेडरिक मायरिक या खलाशानं १८२८-२९ मध्ये 'सुझन' या व्हेल-शिकारी जहाजावर कोरलेले दात जरूर बघा. शिडांचे दोर केसाएवढ्या रेघांत आहेत, आणि सोबतच्या ओळींत जिवंतांना (म्हणजे व्हेलना) मरण, त्यांना मारणाऱ्यांना दीर्घायुष्य चिंतलंय. ज्याला मारलं त्याच्याच दातावर! माणूस-व्हेल नात्याचा इतका उघड पुरावा दुसरा क्वचितच सापडेल, म्हणून त्या ओळी लेखात हव्याच होत्या.

जुना दात हीटरजवळ किंवा दिव्याच्या झोताखाली ठेवू नका, कोरडा पडून उभा तडकतो. आणि भिंगातून हवेचे बुडबुडे दिसले तर ती रेझिनची (प्लास्टिकसारख्या कृत्रिम राळेची) नक्कल समजा.